शेवटच्या लोकलनंतर

चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची गाडी रात्री एकला सुटते. पुढची गाडी पहाटे चार वाजून गेल्यावर. मधल्या तीन तासांत ज्याच्या खिशात टॅक्सीचे पाच-सातशे रुपये असतील तो घरी जातो. बाकीचे स्टेशनबाहेरच्या कठड्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर, सायकलवर चहा विकणाऱ्याच्या आसपास बसून राहतात. हॉटेलातले वेटर, रुग्णालयातल्या आया, सुरक्षा रक्षक, नाटकाच्या नेपथ्याची माणसं. वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत मी अठरा वर्षं काढली. शहर आवृत्तीचं शेवटचं पान सोडायला उशीर झाला की मीही याच कठड्यावर बसायची. “ताई, पहिल्या गाडीला वेळ आहे अजून, घ्या अर्धा कप,” असं म्हणणारा चहावाला नसता तर त्यातल्या कितीतरी रात्री मला जड गेल्या असत्या. त्यामुळे ‘मुंबईचं नाइटलाइफ’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी तो कठडा येतो.

गेल्या वर्षी पर्यटकांसाठी पुस्तिका काढणाऱ्या काही जणांनी मला विचारलं, की भारतातल्या मोठ्या शहरांच्या रात्रीवर लिहाल का. सोबत एक तक्ता पाठवला होता. प्रत्येक शहराचे पाच पब, तीन रूफटॉप, दोन क्लब. प्रवेशाचे पैसे किती, कपडे कसे हवेत, दारू किती वाजेपर्यंत मिळते. मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता आणि गोवा अशी नावं आधीच भरलेली होती. मी तो तक्ता भरायला बसले आणि दुसऱ्या दिवशी परत केला. पबबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्याला जायचं त्याने जावं. माझी तक्रार तक्त्याबद्दल आहे, कारण तो फक्त पुस्तिकेत राहत नाही. सरकार रात्रीचं धोरण ठरवतं तेव्हा त्याच्यासमोरही हाच तक्ता असतो. वर्तमानपत्रं, पोलीस, तक्रार करणारे रहिवासी, संस्कृतीच्या नावाने विरोध करणारे पुढारी, सगळे याच रकान्यांवर भांडतात: दीड की साडेबारा, दारू की बिनदारू.

माझ्या मते शहराची रात्र मोजायची तर एकच प्रश्न पुरे. बेताचे पैसे जवळ असलेली एकटी बाई रात्री दोन वाजता काहीतरी खाऊन, गरज पडली तर स्वच्छतागृहात जाऊन, घरी पोचू शकते का? ज्या शहरात याचं उत्तर ‘हो’ आहे तिथे पर्यटकाचीही रात्र चांगली जाते. जिथे ‘नाही’ आहे तिथे कितीही रूफटॉप उघडा, ती रात्र मूठभरांचीच राहते आणि त्या मूठभरांनाही ती धोक्याची ठरते.

इंदूरचा सराफा घ्या. होळकरांच्या राजवाड्याजवळची ही गल्ली दिवसभर सोन्या-चांदीची. रात्री दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे, पसरट ताटाएवढा जलेबा. रात्री एक-दोनपर्यंत माणसांची रीघ. त्यात आजीआजोबा असतात, कडेवर पोरं घेतलेल्या आया असतात, वसतिगृहातल्या मुली असतात. सराफांना ही गर्दी हवीच असते, असं तिथे सांगतात, कारण जाग्या गल्लीत चोर शिरत नाही. म्हणजे दुकानदाराची राखण आणि गाडीवाल्याचं पोट एकाच गोष्टीवर उभं आहे. तिथे दारू नाही, बाउन्सर नाही, प्रवेशाचे पैसे नाहीत.

त्याच इंदूरात 2022 मध्ये बीआरटीएस (बससाठी राखीव) मार्गालगतची दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली गेली. दोन वर्षांनी, 2024 मध्ये, दारू पिऊन होणाऱ्या मारामाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या म्हणून ती काढून घेतली. सराफा मात्र सुरूच राहिला. यावर “बघा, आपल्या लोकांना रात्र पेलत नाही” असं म्हणणारे भेटतात. ते मला पटत नाही. शहर तेच आणि माणसंही तीच होती. एका ठिकाणी गल्लीतल्या प्रत्येकाला रात्र नीट पार पडण्यात रस होता. दुसरीकडे लांबलचक, रुंद रस्त्यावर फक्त वेळ वाढवून मिळाली होती.

अहमदाबादचा माणेक चौक असाच. सकाळी तिथे गाईंना घालायचा चारा विकतात, दुपारी सराफी चालते, रात्री भाजीपाव आणि डोशांच्या तव्यांचा धूर. गुजरात 1960 साली वेगळं राज्य झालं तेव्हापासून तिथे दारूबंदी आहे. तरीही रात्री बाराला त्या चौकात बसायला जागा मिळत नाही. नवरात्रात तर वडोदरा-अहमदाबादेत मुली चनियाचोळीत, स्कूटरवर डबल सीट, रात्री दोनला घरी येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. तीच मुलगी महिनाभराने त्याच रस्त्यावर त्याच वेळी दिसली तर काळजीचे फोन सुरू होतात. हैदराबादेत रमजानमध्ये चारमिनारजवळच्या लाड बाजारात रात्री एकला बांगड्या घेणाऱ्या बायकांची दाटी असते. मदुराईला तर तमिळ लोक ‘न झोपणारं शहर’ म्हणतात ते तिथल्या रात्रीच्या बाजारामुळे आणि मध्यरात्री मिळणाऱ्या गरम इडलीमुळे. या गोष्टी त्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात बसवायच्या?

आणि आपल्याकडे? पुण्यात गणपतीचे देखावे बघायला रात्री अकराला घरातून निघणारी कुटुंबं आठवा. पेठांमधून पायी, पोराला खांद्यावर घेऊन, मध्ये कुठेतरी भेळ, दीड-दोनला परत. मुंबईत अनंत चतुर्दशीच्या रात्री रेल्वे जादा लोकल सोडते आणि गिरगावातून विसर्जन बघून बायका तीन वाजताच्या गाडीने विरारला जातात. वर्षातल्या या एका रात्री मधलं तीन तासांचं भगदाड बुजवता येतं. ज्याला आपण ‘आपल्या समाजाची मानसिकता’ म्हणून हात टेकतो ती मानसिकता त्या रात्री कुठे जाते? कुठे जात नाही. त्या रात्री रस्त्यावर दिवे असतात, माणसं असतात, पोलीस असतात आणि घरी जायला गाडी असते. एवढंच बदललेलं असतं.

महाराष्ट्राने रात्रीबद्दल कायदे कमी केले नाहीत. पण बहुतेक कायद्यांची नजर एकाच कोपऱ्यावर खिळलेली राहिली. 2005 मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना डान्सबारवर बंदी आली. त्या कायद्यात तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लबांना, जिमखान्यांना सूट होती. म्हणजे घाटकोपरच्या बारमध्ये जो नाच अनैतिक होता तो तारांकित हॉटेलात चालत होता. 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. हॉटेलांमधला हा भेदभाव दोन्ही न्यायालयांना खुपला. मग पुन्हा नवे नियम, 2016 चा नवा कायदा, 2019 मध्ये त्यातल्याही अनेक अटींना कात्री. चौदा वर्षं हे चाललं. या चौदा वर्षांत बाईने रात्री नाचावं की नाही यावर सभागृहात तासन्‌तास भाषणं झाली. ती नाचून, वाढून, भांडी घासून पहाटे तीनला घरी कशी जाते, हा प्रश्न त्या सगळ्या भाषणांत मागेच राहिला.

2017 चा दुकाने व आस्थापना कायदा मात्र मला मनापासून चांगला वाटतो. 1948 चा जुना कायदा दुकानांनी कधी बंद व्हायचं हे सांगायचा. नव्याने दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना दिवसरात्र उघडं राहायची मुभा दिली. त्यात बायकांबद्दलचं एक कलम आहे: रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनेच काम देता येईल, आणि तिचं संरक्षण व तिला घरापर्यंत सोडणं ही मालकाची जबाबदारी. या एका वाक्यात रात्र कशी चालवायची याचं निम्मं उत्तर आहे. पण दहापेक्षा कमी (2025 च्या दुरुस्तीनंतर वीसपेक्षा कमी) माणसं असलेल्या खानावळीतली पोळ्या लाटणारी बाई या कलमाच्या बाहेर राहते. घरकाम करणारी, पार्लरमधली, नाटकाच्या दौऱ्यावरची कपडेपटवाली, याही बहुतेक बाहेरच. त्यांना घरी सोडायला मालकाची गाडी येणार नाही. त्यांच्यासाठी सार्वजनिक गाडीच हवी.

हा कायदा 19 डिसेंबर 2017 रोजी लागू झाला. बरोबर दहा दिवसांनी, 29 तारखेच्या मध्यरात्री, लोअर परळच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि 14 जण गेले. त्यात बायका जास्त होत्या. कित्येक जणी स्वच्छतागृहात शिरल्या, बाहेर पडायची वाट सापडली नाही आणि तिथेच गुदमरल्या.

कमला मिल्सचं नाव घेतलं की मला त्या जागेची आधीची रात्र आठवावीशी वाटते. गिरणगावात रात्र होतीच. भोंगे रात्रीही व्हायचे, कारण गिरण्या तीन पाळ्यांत चालत. दुसऱ्या पाळीचा गिरणी कामगार मध्यरात्री सुटला की त्याला जेवण हवं असे. ते खानावळवाल्या बायका देत. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा शहराला प्रथम कळलं, की एवढी माणसं कुणाच्या हातचं जेवतात. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड रंगत. दिवसा गिरणीत राबणारे तरुण संध्याकाळी रात्रशाळेत जात आणि मॅट्रिक होत. या रात्रीत दारू नव्हती असं नाही, गुत्ते होते, कर्ज होतं, भांडणं होती. पण ती रात्र तिथे राहणाऱ्यांची होती. चालत दहा मिनिटांवर घर होतं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगावाची रात्र हळूहळू विझली. त्याच आवारात पुढे नवी रात्र आली. तिचे गिऱ्हाईक मोटारीतून येतात, आणि तिथे काम करणारी पोरं नालासोपारा, कल्याण, मुंब्र्याहून येतात. त्यांची पाळी सुटते तेव्हा लोकल गेलेली असते.

जानेवारी 2020 मध्ये ‘मुंबई 24 तास’ची घोषणा झाली तेव्हा सुरुवात मॉल आणि गिरण्यांच्या आवारांपासून करायची ठरली, बिगरनिवासी भागात. पबांची दीडची वेळ तशीच. दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि विषय मागे पडला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने पुन्हा स्पष्ट केलं, की दारू देणाऱ्या जागा सोडून बाकी दुकानं, हॉटेलं चोवीस तास उघडी राहू शकतात, कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. निर्णय योग्यच आहे. पण शटर उघडं ठेवायची परवानगी म्हणजे उघडं शहर नव्हे. एसटीच्या रातराणीने मी मुंबईहून रात्रीत कोल्हापूरला जाऊ शकते. त्याच रात्री दोन वाजता दादरहून भांडुपला जायचं तर माझ्याजवळ टॅक्सीचे पैसे लागतात.

रेल्वेचं म्हणणं मला मान्य आहे. रुळांची, ओव्हरहेड वायरची देखभाल करायला रात्रीचे ते तासच मिळतात, आणि ज्या मार्गावरून दिवसभरात लाखो माणसं जातात तिथे ही कामं टाळून चालणार नाहीत. मग उत्तर बसमध्ये आहे. रेल्वेच्या तिन्ही मार्गांना समांतर, शेवटच्या लोकलपासून पहिल्या लोकलपर्यंत दर अर्ध्या तासाला, प्रत्येक स्टेशनाबाहेर थांबणारी बस. लोकलचा पास त्या बसमध्ये चालला पाहिजे. बेस्टच्या काही मार्गांवर रात्री गाड्या आहेत, पुण्यात पीएमपीच्याही मोजक्या रातराण्या आहेत. म्हणजे कल्पना नवी नाही. पण एके काळी चार हजारांवर गाड्या चालवणाऱ्या बेस्टकडे स्वतःच्या मालकीच्या गाड्या आता हजारही उरलेल्या नाहीत. दिवसाच थांब्यांवर रांगा आहेत, मग रात्रीला कोण विचारतो? रात्रीच्या बसला तोटा होईल, हे मला ठाऊक आहे. रस्त्यावरच्या दिव्यांनाही तोटाच होतो. त्यांचं तिकीट आपण मागत नाही.

रात्रीच्या धंद्यातून परवाना शुल्क, उत्पादन शुल्क, वस्तू व सेवा कर असा पैसा सरकारकडे येतो. त्यातला ठरावीक वाटा रात्रीच्या बससाठी, दिव्यांसाठी, स्वच्छतागृहांसाठी बाजूला काढावा, एवढी साधी माझी मागणी आहे. स्वच्छतागृहांबद्दल बोलायला अजूनही लाज वाटते, पण न बोलून भागत नाही. माझ्या कार्यालयाजवळच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाला रात्री दहाला कुलूप लागायचं. पुरुषांच्या मुतारीला दारच नव्हतं, ती रात्रभर उघडी. मी आणि माझी सहकारी रात्रपाळीत संध्याकाळनंतर पाणी कमी प्यायचो. ही सवय मुंबईत 2011 पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या कार्यकर्त्यांनी बायकांकडून पुन्हा पुन्हा ऐकली आहे. कुठलंही रूफटॉप गाठण्याआधी बाईला या गोष्टीचा हिशेब करावा लागतो.

16 डिसेंबर 2012 ची दिल्लीतली रात्र, निर्भयावरच्या अत्याचाराची, सगळ्यांना माहीत आहे. तिच्यातला एक तपशील मात्र आपण विसरत चाललो आहोत. ती तरुणी आणि तिचा मित्र साकेतला सिनेमा बघून निघाले होते. द्वारकेपर्यंत यायला रिक्षावाले तयार नव्हते. मुनिरकाच्या थांब्यावर ते उभे राहिले आणि जी बस आली तिच्यात चढले. ती खासगी होती, त्या वेळी प्रवासी घ्यायचा तिला अधिकार नव्हता. तेव्हा रात्रीचे जेमतेम साडेनऊ झाले होते. कायदे कडक झाले, फाशी झाली, चर्चा झाल्या. खरी बस वेळेवर आली असती तर, हा विचार मला आजही सोडत नाही. आणि पुण्यात 2007 मध्ये बीपीओतल्या एका तरुणीला रात्रपाळीला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकानेच तिचा खून केला. म्हणून नुसतं वाहन असून भागत नाही. ते अनेकांचं असावं लागतं. ज्या गाडीत चाळीस जण बसलेत, कंडक्टर आहे, थांबे ठरलेले आहेत, तिच्यात बाई अधिक निर्धास्त असते.

कोलकात्यात 14 ऑगस्ट 2024 च्या मध्यरात्री हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीतल्या डॉक्टर तरुणीवर झालेल्या अत्याचारानंतरचा तो संताप होता. त्यावर राज्य सरकारने जे उपाय जाहीर केले त्यात एक होता, की शक्यतो बायकांना रात्रपाळी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात सुनावलं, की बायकांनी रात्री काम करू नये असं सांगता येणार नाही, सुरक्षा देणं हे सरकारचं काम आहे. रात्र असुरक्षित आहे, म्हणून बाईची रात्र कापा: हा उपाय किती सहज सुचतो! माझ्या आईलाही तो सुचायचा. “दिवसपाळी माग की गं,” असं ती दर महिन्याला म्हणायची. तिचं चुकत नव्हतं, ती आई होती. सरकारने आईसारखं वागून चालत नाही.

पुरुषांनाही रात्र अगदीच मोकळी नाही, विशेषतः कपड्यांवरून गरीब दिसणाऱ्याला. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 122 नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडलेल्याला पकडता येतं. 2022 मध्ये दक्षिण मुंबईत रात्री रस्त्यावर बसलेल्या एका तरुणाला असंच पकडलं होतं. त्याला सोडताना न्यायदंडाधिकाऱ्यांनी म्हटलं, की मुंबईसारख्या शहरात रात्रीचा दीड हा काही उशीर नव्हे आणि संचारबंदी नसताना रस्त्यावर असणं हा गुन्हा होत नाही. पर्यटकांच्या पुस्तिकेत हे वाक्य छापावं असं मला फार वाटतं.

आता गोवा. पुस्तिकेतलं सगळ्यात जाड प्रकरण त्याचंच असतं: बागा, हणजूण, वागातोर, मांडवीतले कसिनो. 2025 च्या डिसेंबरमध्ये, 6 तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास, हडफड्यातल्या एका नाइटक्लबात आग लागली आणि 25 जण मेले. त्यांतले बहुसंख्य तिथे काम करणारे होते, परराज्यांतून पोटासाठी आलेले. नाचणाऱ्यांची नावं आणि छायाचित्रं आपण पाहिली, पण स्वयंपाकघरातल्या माणसांच्या गावांची नावं वाचायला मला पानं उलटावी लागली. त्या माणसांना राहायची खोली कशी होती, पाळी किती तासांची होती, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा त्यांना कुणी कधी दाखवला होता का? ‘नाइटलाइफ’ या शब्दातलं जगणं हे आधी त्यांचं आहे. म्हणून पुस्तिकेत कपड्यांच्या नियमाऐवजी हा रकाना हवा: आत गेल्यावर आधी दुसरा दरवाजा शोधा. नसेल तर परत फिरा.

आणि हाच गोवा, हेच तळकोकण, रात्र जागवण्यात किती निष्णात आहे! पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत जत्रांमध्ये दशावतार उभा राहतो तो रात्री उशिरा आणि संपतो पहाटे. संकासुर, पखवाज-पेटी, रंगवलेले चेहरे. देवळाच्या आवारात चटया टाकून अख्खा गाव, मांडीवर झोपलेली पोरं. हा कार्यक्रम कुठल्याही क्लबपेक्षा लांब चालतो. परक्या माणसालाही तिथे चटईवर जागा मिळते.

रात्रीच्या विरोधातला सगळ्यात प्रामाणिक आक्षेप झोपेचा आहे. वागातोरच्या ज्या म्हाताऱ्या बाईच्या खिडक्या बासच्या ठोक्यांनी थरथरतात तिचं म्हणणं माझ्या म्हणण्यापेक्षा वजनदार आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत. हे नियम मोडून कुठलंही नाइटलाइफ उभं करू नये. गोव्यात पाळोळ्याला लोकांनी कानाला हेडफोन लावून नाचायची रीत काढली, ती याच नियमामुळे. मनात असेल तर वाट निघते.

या नियमाने आपलंही काही नेलं, हे लपवायला नको. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. थंडीत शाली पांघरून बसलेले पुणेकर, मध्यरात्रीनंतरचा मालकंस, पहाटे ललत, आणि उजाडताना भैरवी. दहाची मर्यादा आली आणि ती पहाट गेली. तमाशाचा वगही पहाटेपर्यंत रंगायचा, त्याचेही तास आखडले. मी त्याबद्दल हळहळते, पण नियम रद्द करा म्हणत नाही. कारण याच नियमात बंदिस्त नाट्यगृहांना, सभागृहांना आडकाठी नाही. दार लावून रात्रभर गाणं ठेवता येतं. मग का ठेवत नाहीत? संयोजकांना विचारा. आर्टिस्ट मिळतात, हॉलही मिळेल, पण श्रोत्यांना घरी कसं पाठवायचं? रात्री साडेआठच्या नाटकाला गेलेला माणूस शेवटच्या अंकात घड्याळ बघायला लागतो. शिवाजी मंदिर नाट्यगृहात शेवटच्या प्रवेशाला मागच्या रांगांतून उठणारी माणसं मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. त्यांना नाटक आवडलेलं नसतं म्हणून ती उठत नाहीत, त्यांना अंबरनाथची गाडी गाठायची असते. शेवटची लोकल आपली करमणूकच नव्हे, आपली कलासुद्धा कापते.

पुस्तिकेसाठी मुंबईचं पान मी शेवटी लिहून काढलं. ते छापलं जाणार नाही, पण माझ्या वहीत आहे. त्यात लिहिलं आहे: संध्याकाळी नाटकाला जा आणि पडदा पडेपर्यंत बसा. नंतर कुठल्याही मोठ्या स्टेशनाबाहेरच्या भुर्जीपावच्या गाडीवर खा, तिथे टॅक्सीवाले उभे असतात, रस्ता त्यांना विचारा. रमजान असेल तर मोहम्मद अली रोडला जा, गणपती असतील तर गिरगावात पायी फिरा. एकची गाडी मिळाली आणि तुम्ही बाई असाल तर बायकांच्या डब्यात बसा आणि कोण कुठे उतरतं ते बघा. चुकली तर चहावाल्याजवळ थांबा, तो हुसकावून लावणार नाही. पहाटे दादरला पोचलात तर पश्चिमेच्या फूलबाजारात जा. विरारकडच्या पहिल्या गाड्यांनी वसईच्या बाया चाफा, मोगरा घेऊन उतरतात. जिन्यावर त्यांना वाट द्या. टोपल्या ओल्या फुलांच्या असतात, फार जड असतात.